वयानुसार तुमच्या मेकअपमधून काय सुटले आणि काय नव्याने आले?

शर्वाणी (१४ नोव्हेंबर)

नमस्कार. मी ठाण्याला राहते, वय ५३ आहे आणि गेली २८ वर्षे बँकेत नोकरी करते. मागच्या आठवड्यात भाच्याच्या साखरपुड्याला निघताना मी नेहमीच्या क्रमाने तयार झाले. आधी कॉम्पॅक्ट पावडर, मग डोळ्यांत काजळ, ओठांना बरीच वर्षे वापरत असलेली गडद मरून लिपस्टिक आणि शेवटी टिकली. हा क्रम हाताच्या इतका सवयीचा झाला आहे की मी आरशात नीट बघतसुद्धा नाही. कार्यालयात पोहोचल्यावर तिथल्या पांढऱ्या उजेडात मला दिसले की पावडर डोळ्यांखालच्या बारीक रेषांत जाऊन बसली आहे, लिपस्टिक ओठांच्या कडेबाहेर केसासारख्या रेघांनी पसरली आहे आणि काजळ कोपऱ्यांत ओघळले आहे.

त्या रात्री मी मेकअपची पिशवी पलंगावर रिकामी केली. तिच्यातल्या निम्म्या वस्तू मी पस्तिशीत ठरवलेल्या होत्या आणि त्यानंतर संपल्या की त्याच पुन्हा आणत गेले होते. कॉलेजात मला पावडर आणि टिकली पुरत असे. नोकरी लागल्यावर लिपस्टिक आली, तीही फिकट गुलाबी, कारण सासरी गडद रंग चालत नसत. चाळिशीच्या सुमाराला स्वतःच्या पगाराचा आणि मताचा धीर आला, तेव्हा मरून आला. म्हणजे माझा मेकअप विशीपासून वाढतच गेला आणि आता तो चेहऱ्यावर बसेनासा झाला आहे. थोरल्या जाऊबाई म्हणतात की पन्नाशीनंतर बाईने टिकली लावावी, बाकीचे शोभत नाही. मला हे पटत नाही, पण त्या दिवशीचा माझा चेहराही मला पटला नव्हता.

म्हणून इथे विचारते आहे. वयाबरोबर तुमच्या सवयी कशा बदलत गेल्या? जे सुटले, ते तुमच्या त्वचेला मानवेना म्हणून सुटले की आजूबाजूच्या माणसांना मानवेना म्हणून? भाच्याचे लग्न १२ डिसेंबरला आहे, त्यामुळे व्यावहारिक सल्लेही हवे आहेत.

कोकणकन्या (१४ नोव्हेंबर)

माझ्या बाबतीत लिपस्टिक अजून आहे आणि पावडर सुटली. पावडर कोणाच्याही सांगण्यावरून सुटली नाही. ४८व्या वर्षी ती लावल्यावर गाल पिठात बुडवल्यासारखे दिसू लागले, एवढेच.

रंगपेटी (१५ नोव्हेंबर)

शर्वाणीताई, मी नाशिकला १९ वर्षे नवरीचा मेकअप करते. नवरीबरोबर तिची आई, मावशी, आत्या आणि होणारी सासू यांनाही तयार करायचे असते, आणि खरे कसब मला तिथे लागते. पंचविशीच्या चेहऱ्यावर चूक लपते, पंचावन्नच्या चेहऱ्यावर ती वर येते. तुमच्या तिन्ही तक्रारी मी दर लग्नसराईत ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

कोरड्या त्वचेवर थेट कॉम्पॅक्ट लावला की तो सुरकुत्यांतच उतरतो. आधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटे थांबावे, मग मलईसारखे पातळ फाउंडेशन ओल्या स्पंजने थापटत लावावे, घासू नये. पावडर लावायचीच असेल तर नाकाच्या शेंड्यावर, नाकपुड्यांच्या कडेला आणि हनुवटीवर, तीही ब्रशने अगदी थोडी. डोळ्यांखाली शक्यतो लावूच नये. काळी वर्तुळे झाकण्यासाठी थरावर थर चढवणाऱ्या बायकांना मी नेहमी सांगते की तिथला दुसरा थर वर्तुळ झाकत नाही, तो सुरकुती दाखवतो.

ओठांची कड वयाबरोबर पुसट होते आणि वरच्या ओठावर उभ्या रेघा येतात. मेणकट, चकचकीत लिपस्टिक त्या रेघांतून वर चढते. आधी लिपस्टिकच्याच रंगाच्या पेन्सिलने कड आखून पूर्ण ओठ त्या पेन्सिलने भरून घ्यावा. त्यावर ब्रशने लिपस्टिकचा पातळ हात द्यावा, टिश्यू ओठांत धरून टिपावे आणि मग दुसरा हात द्यावा. एवढे केले तर जेवण होईपर्यंत रंग जागचा हलत नाही. मरून सोडायची गरज नाही, पण कोरडा आणि काळपट मरून बारीक झालेल्या ओठांना आणखी बारीक करतो. त्याच घरातला विटकरी किंवा डाळिंबी रंग घेऊन पाहा.

काजळ खालच्या पापणीच्या आत भरणे बंद करा. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी गडद तपकिरी पेन्सिलची बारीक रेघ ओढली तर डोळा उघडा दिसतो आणि ओघळायला काही उरत नाही. भुवया मात्र विसरू नका, कारण पन्नाशीनंतर त्या विरळ होतात आणि चेहरा फिका वाटण्याचे निम्मे कारण तेच असते. काळी पेन्सिल वापरू नये. राखाडी छटेच्या तपकिरी पेन्सिलने केसाएवढ्या तुटक रेघा माराव्यात.

डॉ_ऋता (१५ नोव्हेंबर)

रंगपेटी यांनी लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीमागे शरीरातले कारण आहे, ते एक त्वचारोगतज्ज्ञ म्हणून सांगते. रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन कमी होते आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले सुमारे ३० टक्के कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारे प्रथिन, घटते. त्वचेला तजेला देणारे नैसर्गिक तेलही कमी स्रवते. म्हणून एखाद्या बाईला ४७ ते ५३ या वयात असे वाटते की चेहरा अचानक बदलला. तो खरोखरच वेगाने बदललेला असतो, आणि पस्तिशीतल्या तेलकट त्वचेसाठी निवडलेली पावडर आता तिथे उपरी ठरते.

या वयात माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांची मोठी तक्रार वांगाची असते. वांग झाकायला जाड थर लावले जातात आणि पुढे तो घालवायला मैत्रिणीने सुचवलेले मलम. नागपुरातल्या माझ्या दवाखान्यात महिन्यातून कितीतरी जणी अशा येतात, ज्यांनी स्टेरॉइड असलेले मलम रंग उजळणारी क्रीम समजून दीड-दोन वर्षे लावलेले असते. चेहरा सुरुवातीला उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात, आणि मलम थांबवले की आग होते म्हणून ते सोडवत नाही. काही बेनामी उजळ क्रीममध्ये पाऱ्याचे संयुग असते आणि ते मूत्रपिंडापर्यंत इजा करते. वयाबरोबर एक नवी सवय लावायचीच असेल तर ती सनस्क्रीनची लावा. एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन सूर्याचे सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवते, मात्र ते चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढे घ्यावे लागते. बहुतेक जणी त्याच्या पाव हिश्शानेच काम भागवतात.

सह्याद्रीची_लेक (१६ नोव्हेंबर)

मी वेगळे मत मांडते. ४१व्या वर्षी मी मेकअप पूर्ण बंद केला आणि तो माझ्या आयुष्यातला फार चांगला निर्णय होता. माझा वर्ण काळा आहे. दहावीपासून माझ्या घरात माझ्यासाठी गोरेपणाची क्रीम येत होती. ती लावणे हा माझ्याकडून अपेक्षित असलेला अभ्यास होता आणि मी त्यात दर वर्षी नापास होत होते. देशात १९७५ सालापासून विकल्या जाणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द २०२० साली काढण्यात आला, तेव्हा मी ४० वर्षांची होते. ती बातमी वाचल्यावर मी हिशेब मांडला की आयुष्याची पंचवीस वर्षे मी आपला रंग चुकलेला आहे असे मानून रोज सकाळ सुरू केली.

ज्या कंपन्यांनी विशीत आम्हाला काळेपणाची भीती घातली, त्याच आता पन्नाशीत सुरकुत्यांची घालत आहेत. भीतीचे नाव बदलले, दुकान तेच राहिले. म्हणून इथे इतक्या बारकाईने पेन्सिलींची चर्चा चाललेली पाहून मला वाईट वाटते.

ओवी_२४ (१६ नोव्हेंबर)

सह्याद्रीची_लेक, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझ्या मावशीची आठवण झाली आणि तुमचा राग मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही एका ठिकाणी मी अडते. मी २४ वर्षांची आहे. माझी आई ५० वर्षांची आहे आणि तिने आयुष्यभर टिकलीशिवाय काही लावले नाही. मी तिला मागच्या दिवाळीत लिपस्टिक लावून दिली तेव्हा ती कितीतरी वेळ आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली की तिला वीस वर्षांपासून लावावीशी वाटत होती, पण आधी तिचे सासरे घरात होते आणि नंतर तिला वाटले की आता वय गेले. तिच्या बाबतीत न लावणे हेच लादलेले होते. लावणे कोणासाठी जाच असते आणि कोणासाठी न लावणे, हे ज्याच्या त्याच्या घरावर ठरते असे मला वाटते.

सह्याद्रीची_लेक (१६ नोव्हेंबर)

ओवी, तुझ्या आईची गोष्ट मी दोनदा वाचली. माझे घर धरून मी सगळ्यांविषयी बोलले, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. क्रीमबद्दलचे माझे मत मात्र तसेच ठेवते.

अनघड (१७ नोव्हेंबर)

या धाग्यावर लिहावे की नाही असा विचार करत होतो, पण आईविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. आई ६८ वर्षांची आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी तिने टिकलीऐवजी नुसता कुंकवाचा टिळा ओढायला सुरुवात केली आणि काजळ बंद केले. वय झाले म्हणून तिचा रस गेला असावा असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. एकदा सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली की चष्म्याशिवाय डोळा दिसत नाही आणि चष्मा घातला की काजळाची काडी डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. टिकली वाकडी लागते आणि लोक ती दिवसभर बघतात, त्यापेक्षा बोटाने लावलेले कुंकू बरे. आपल्याकडे त्या चष्म्याला चाळिशी असेच नाव आहे, तरी तिच्या आरशाचे काय होते हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. मी तिला पाचपट मोठे दाखवणारा, टेबलावर ठेवायचा आरसा आणून दिला. आता ती पुन्हा काजळ लावते.

रंगपेटी (१७ नोव्हेंबर)

अनघड यांचा प्रतिसाद माझ्या सर्व ताई-काकूंना वाचून दाखवणार आहे. एकेक काच स्वतंत्रपणे खाली पाडता येईल असा मेकअपचा चष्माही मिळतो; एका डोळ्याने काचेतून बघत दुसऱ्या डोळ्याला रेघ ओढता येते. पाचपटीहून जास्त मोठा आरसा मात्र घेऊ नये, कारण त्यात प्रत्येक छिद्र दिसते आणि हात आपोआप जास्त थर देऊ लागतो.

जुनीपेटी (१९ नोव्हेंबर)

मी वाईची आहे, आता ७४ वर्षांची. नातीने हा धागा वाचून दाखवला आणि मी सांगते तसे ती टंकून देत आहे. तुम्ही विशी ते पन्नाशीचे बोलत आहात. मला त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचेही सांगता येईल.

माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते. तिच्या आईने लहानपणीच गोंदवून घेतले होते. वय वाढले तशी कातडी सैल पडली आणि ठिपके पसरून निळसर हिरवे झाले, पण ते शेवटपर्यंत राहिले. आजोबा गेल्यावर तिचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, गोंदण मात्र कोणाला पुसता आले नाही. लहानपणी मला वाटे की ते कुंकूच आहे आणि आजीने युक्तीने लपवून ठेवले आहे.

आईची फणेरपेटी होती. झाकण उघडले की आत आरसा, खालच्या खणांत फणी, मेणाची डबी, पिंजरीचा करंडा आणि काजळाची डबी. ती कपाळावर मेणाचा गोल लावी, त्यावर बोटाने पिंजर दाबी आणि पदराच्या टोकाने कड टिपून घेई. काजळ घरीच पाडत. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची आणि धरलेली काजळी तुपात खलायची. १९७२ साली माझे लग्न झाले तेव्हा चेहऱ्याला अफगाण स्नो लावला होता. तो मुंबईतच १९१९ सालापासून बनत असे आणि त्याची बाटली आमच्याकडे एका मैत्रिणीकडून दुसरीकडे जात असे. लिपस्टिक मात्र चांगल्या घरची मुलगी लावत नाही असा समज होता. टाटांनी लॅक्मे १९५२ सालीच सुरू केली होती आणि नाव तर लक्ष्मीवरूनच घेतले होते, पण आमच्या वाड्याच्या चौकातून ती लक्ष्मी काही आत आली नाही.

पुढे मी शाळेत शिक्षिका झाले. चाळिशीत हलकी लिपस्टिक, काजळ, पावडर आणि टिकली असा माझा ठरलेला साज होता. ५७व्या वर्षी यजमान गेले. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली असे मी म्हणणार नाही. दहाव्या दिवसानंतर मी आरशासमोर बसले, तेव्हा टेबलावर काही नव्हते. धाकट्या नणंदेने मायेपोटीच सगळे उचलून ठेवले होते, माझ्या डोळ्यांसमोर येऊन मला त्रास होऊ नये म्हणून. कुंकवाबरोबर काजळाची डबी, पावडरचा डबा, लिपस्टिक आणि हाताला लावायची क्रीमसुद्धा तिने उचलली होती.

आता माझी मुले म्हणतात की आई, काळ बदलला, तू कुंकू लाव. मी लावत नाही. ते मी यजमानांच्या नावाने लावत होते आणि ते गेल्यावर मला लावावेसे वाटत नाही, यात जुनेपणा असेल तर असो. पण काजळ मला माझ्या आईने मी बारा दिवसांची असताना लावले होते. पावडर मी शाळेच्या स्नेहसंमेलनाला पहिल्यांदा लावली. या गोष्टींचा यजमानांशी काय संबंध होता? त्या सतरा वर्षे माझ्या टेबलावर परत आल्या नाहीत, आणि इतक्या वर्षांनंतर मागायच्या कशा, हे मला कळले नाही.

कोकणकन्या (१९ नोव्हेंबर)

जुनीपेटी, हाताची क्रीमसुद्धा उचलली हे वाचून मी थांबले. माझ्या आत्याच्या बाबतीत मीच हे केले होते.

पंचगंगा (२० नोव्हेंबर)

मी शिरोळ तालुक्यात राहते, म्हणून लिहिणे भाग आहे. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. त्यानंतर आमच्या भागात हळदीकुंकवाला विधवांना बोलावण्याचे प्रयत्न झाले आणि मी त्यांत काम केले आहे.

जुनीपेटी आजींनी जे लिहिले त्याचा मी त्या वेळी विचार केला नव्हता. आम्ही प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावायचा आग्रह धरला. काही जणी आनंदाने पुढे झाल्या, तर काही जणी अवघडून मागे सरकल्या आणि त्या बदलायला तयार नाहीत अशी आम्ही मनात नोंद केली. त्यांना कुंकू नको असेल आणि गजरा किंवा काजळ हवे असेल, हे विचारायला आम्ही थांबलो नाही. येत्या संक्रांतीला वाणाबरोबर काजळ, क्रीम आणि गजरा यांचे वेगळे तबक ठेवण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. ज्या बाईला जे हवे ते तिने उचलावे.

डॉ_ऋता (२० नोव्हेंबर)

पंचगंगा, त्या तबकात काजळ ठेवणार असाल तर परवानाधारक कंपनीचे आणि वापरण्याची मुदत छापलेले घ्यावे, सुटे मिळणारे काजळ किंवा सुरमा घेऊ नये. सुरम्यात शिसे असण्याची शक्यता मोठी असते.

कुंकवाविषयीही थोडे लिहिते. हळद आणि चुना यांपासून केलेले कुंकू सहसा मानवते, पण बाजारातल्या पिंजरीत कृत्रिम रंग असतात. चिकट टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचे रसायन असू शकते आणि त्यामुळे काही जणींच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो. हा डाग कोड समजून कुटुंबे घाबरतात. खाज सुटली की त्याच दिवशी टिकली बंद करणे हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे. बहुतेक जणी मात्र तो डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावतात.

मैत्रेयी (२२ नोव्हेंबर)

माझे वय ४५. माझ्या सवयी वयापेक्षा आजाराने बदलल्या, पण त्या बदलाचा धाग्याशी संबंध आहे असे वाटते. केमोथेरपीत डोक्यावरचे केस जाणार हे मला सांगितले होते आणि त्याची तयारी झाली होती. भुवया आणि पापण्यांचे केस गेले तेव्हा मात्र आरशातले माणूस मला ओळखता येईना. त्याआधी मी भुवया फक्त कोरून घेत असे. त्या तीन महिन्यांत मी रोज सकाळी दोन भुवया काढायला शिकले. रुग्णालयातल्या एका परिचारिकेने मला पेन्सिल उभी धरून नाकपुडीपासून रेघेत आणायला शिकवले: जिथे रेघ कपाळाला लागते तिथून भुवई सुरू करायची, आणि पेन्सिल डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरकी झुकवली की जिथे टेकते तिथे संपवायची.

आता भुवया परत आल्या आहेत, थोड्या विरळ. मी अजून रोज पेन्सिल फिरवते. सह्याद्रीची_लेक यांचा मुद्दा मला पटतो, पण त्या दिवसांत ती पेन्सिल मला भीती विकत नव्हती. दूध घ्यायला दार उघडताना समोरच्याने आधी माझा आजार बघू नये, एवढीच माझी गरज होती आणि ती तिने भागवली.

मुक्ता_न्यूजर्सी (२३ नोव्हेंबर)

इथे माझ्या कार्यालयात साठी उलटलेल्या सहकारी रोज लाल लिपस्टिक लावून येतात आणि त्यावर कोणी काही म्हणत नाही. केस मात्र पांढरे ठेवायचे ठरवले तर लगेच विचारपूस होते. भारतात आले की उलटा अनुभव येतो: पांढऱ्या केसांकडे काकू म्हणून आदराने बघतात आणि लिपस्टिककडे नजर रेंगाळते. केस रंगवणे मी गेल्या वर्षी सोडले, कारण केसांच्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी झाली आणि कानशिले सुजली. दर वेळी ४८ तास आधी कानामागे थेंब लावून बघायचा असतो हे मी पंधरा वर्षे पाळले नव्हते. केस पांढरे झाल्यावर माझे सगळे जुने रंग चेहऱ्यावर मातकट दिसू लागले आणि मी गुलाबी छटांकडे वळले. त्यामुळे शर्वाणी यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की एक गोष्ट सुटली की तिच्यामागोमाग दुसऱ्या चार बदलतात.

शर्वाणी (१४ डिसेंबर)

सर्वांना मनापासून धन्यवाद. परवा लग्न झाले, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येते.

रंगपेटी यांनी सांगितले तसे मी आधी चार वेळा घरी करून पाहिले. फाउंडेशनचा पातळ हात, नाकावर थोडी पावडर, वरच्या पापणीला तपकिरी रेघ, पेन्सिलने भरलेले ओठ आणि त्यावर विटकरी रंग. लग्न लागल्यापासून पंगत उठेपर्यंत लिपस्टिक कडेबाहेर आली नाही. मरूनची कांडी मी टाकलेली नाही; तिच्यावर पेन्सिलचा उपाय करून बघणार आहे.

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर मला लग्नघरात मिळाले. निघण्याआधी मी मोठा आरसा खिडकीशी घेऊन बसले होते, तेव्हा त्याच थोरल्या जाऊबाई बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले की काही बोलतील. त्यांनी विचारले की हे भुवयांचे कसे करतेस, माझ्या तर उरल्याच नाहीत. त्या ६१ वर्षांच्या आहेत. मी मैत्रेयी यांनी लिहिलेल्या मापाने त्यांच्या भुवया भरून दिल्या. पन्नाशीनंतर शोभत नाही असे त्या मला इतकी वर्षे का सांगत होत्या, हे मी विचारले नाही, पण त्यांना बहुधा दिसतच नव्हते आणि जमत नव्हते, आणि ते कबूल करण्यापेक्षा शोभत नाही असे म्हणणे सोपे होते, असे मला आता वाटते. त्यांच्यासाठी अनघड यांनी सांगितला तसा आरसा मागवला आहे.

जुनीपेटी (१५ डिसेंबर)

शर्वाणी, वाचून बरे वाटले. माझेही एक काम आहे. नातीने माझ्यासाठी काजळ आणले आहे, पण माझ्या डोळ्यांना सारखे पाणी येते आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन पाच महिने झाले आहेत. रंगपेटी आणि डॉ_ऋता, मी ते लावू शकते का? लावले तर कोणत्या बाजूने लावू?

डॉ_ऋता (१५ डिसेंबर)

जुनीपेटी काकू, पाच महिने झाले असले तरी तुमच्या नेत्रतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या, कारण पाणी का येते हे त्यांनी बघायला हवे. त्यांनी हो म्हटले तरी पापणीच्या आत लावू नका. कांडी दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नका आणि तीन महिन्यांनी नवीन घ्या.

रंगपेटी (१५ डिसेंबर)

काकू, परवानगी मिळाली की वरच्या पापणीच्या बाहेरून, केसांच्या मुळाशी, बाहेरच्या कोपऱ्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंतच लावा, म्हणजे पाणी आले तरी ते नाकाकडच्या कोपऱ्यातून जाईल आणि काजळाला कमी लागेल. कोपर टेबलावर टेकवा, म्हणजे हात कापणार नाही. सुरुवातीचे दोन दिवस नातीला लावू द्या.

जुनीपेटी (२२ डिसेंबर)

डॉक्टर हो म्हणाले. नातीला पहिल्या दिवशी लावू दिले. आजपासून मी लावते.